इटालियन स्थलांतरितांचे साहित्य आणि त्याचा ग्राहक

‘इटालियन-अमेरिकन कादंबरीकार आहेत तरी कोठे?’ असा प्रश्न गे टलीझ या नामवंत लेखक-पत्रकाराने १४ मार्च १९९३ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ग्रंथपरीक्षण पुरवणीत विचारला, तेव्हा अमेरिकेतील इटालियन वंशाच्या लेखकवर्गात बरीच खळबळ उडाली. टलीझ स्वतः कॅलाब्रियातून आलेल्या एका शिंप्याचा मुलगा. ज्या समाजाने अमेरिकेला संगीत, चित्रपट, राजकारण आणि क्रीडा या क्षेत्रांत अव्वल दर्जाची माणसे दिली, त्या समाजाला कादंबरीच्या प्रांतात ज्यू वा आयरिश लेखकांच्या तोडीचे स्थान का मिळू नये, असा त्याचा सवाल होता. उत्तरही त्याने बव्हंशी घरातच शोधले. घरात पुस्तक नाही, वाचनाची आवड नाही, आणि घरची गोष्ट चव्हाट्यावर आणणे म्हणजे कुळाशी द्रोह, अशी रीत. अशा घरात लेखक निपजावा कसा, असा त्याच्या विवेचनाचा एकंदर रोख होता.

हे उत्तर खोटे नाही; पण ते निम्मेच आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर टलीझने केवळ पुरवठ्याची बाजू तपासली. मागणीचे काय? लेखक होते, आणि ते लिहीतही होते. त्यांचे लिखाण विकत घेणारा कोण होता, त्याला नेमके काय हवे होते, आणि जे त्याला नको होते त्याचे पुढे काय झाले, हा हिशेब मांडल्यावाचून टलीझच्या प्रश्नाचा निकाल लागणार नाही.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. १८८० ते १९२४ या काळात ४० लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. त्यांतील बहुसंख्य दक्षिणेकडील कॅम्पानिया, अब्रुझी, कॅलाब्रिया, सिसिली या प्रांतांतले भूमिहीन वा अल्पभूधारक शेतकरी. १८६१ साली इटलीचे एकीकरण झाले तेव्हा देशातील सुमारे तीन चतुर्थांश लोकांना अक्षरओळख नव्हती. दक्षिणेत तर परिस्थिती याहून बिकट होती. हे लोक ‘इटालियन’ म्हणून ओळखले गेले ते अमेरिकेत उतरल्यावर. मायदेशी ते आपापल्या गावचे होते आणि आपापली बोली बोलत होते. ‘पाद्रोने’ नावाचा दलाल (आपल्याकडचा मुकादमच म्हणा) त्यांना रस्त्यांच्या, लोहमार्गांच्या आणि इमारतींच्या कामांवर जुंपत असे. पुष्कळांचा बेत चार पैसे गाठीला बांधून परत जाण्याचा होता, आणि कितीतरी जण परत गेलेही. त्यांनी धाडलेल्या पैशाचा ओघ एवढा मोठा होता, की १९०१ साली इटलीच्या सरकारने खास कायदा करून त्याची व्यवस्था ‘बँको दि नापोली’कडे सोपविली. ज्या कुटुंबाला आज ना उद्या गावी परतून जमिनीचा तुकडा घ्यावयाचा आहे, त्याने मुलाला इंग्रजी शाळेत ठेवून त्याची रोजची मजुरी का बुडवावी? टलीझ ज्याला पुस्तकांविषयीची अनास्था म्हणतो, तिच्या मुळाशी असा रोकडा व्यवहार होता.

असे असूनही लेखक निर्माण झाले. इटालियन भाषेतील त्यांच्या वृत्तपत्रांत कादंबऱ्या क्रमशः छापून येत. १९१२ च्या लॉरेन्स येथील गिरणी संपात तुरुंगात गेलेल्या आर्तुरो जोव्हानित्तीने इंग्रजीत कविता लिहिल्या, आणि त्याच्या १९१४ च्या संग्रहाला हेलन केलरने प्रस्तावना दिली. परंतु या संदर्भात सर्वाधिक बोलके उदाहरण आहे ते पास्काल डॅन्जेलोचे. अब्रुझीतील इन्त्रोदाक्वा या खेड्यातून हा मुलगा १९१० साली वडिलांबरोबर आला आणि कुदळ-फावडे घेऊन रस्त्यांवर राबू लागला. शब्दकोश पाठ करून त्याने इंग्रजी आत्मसात केले, त्या भाषेत कविता लिहिल्या आणि त्या घेऊन संपादकांचे उंबरठे झिजविले. अखेर ‘द नेशन’च्या कार्ल व्हॅन डोरेनने त्याच्या पत्राची दखल घेतली. कविता छापून आल्या आणि १९२४ साली ‘सन ऑफ इटली’ हे आत्मचरित्रही निघाले. वृत्तपत्रांनी ‘कुदळ-फावड्याचा कवी’ म्हणून त्याचा उदोउदो केला. हे कौतुक कवितेचे होते की फावड्याचे? नवलाई ओसरली तसा वाचकही ओसरला, आणि १९३२ साली डॅन्जेलो दारिद्र्यात मरण पावला.

पिएत्रो दि दोनातोची गोष्ट वरवर पाहता याच्या उलट दिसते. १९२३ च्या गुड फ्रायडेला एका इमारतीचे बांधकाम कोसळून त्याचे गवंडी वडील काँक्रीटखाली गाडले गेले. आठ भावंडांत थोरला असलेल्या पिएत्रोने वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास बापाची थापी हाती घेतली. मंदीच्या काळात काम सुटले तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयात बसून त्याने रशियन कादंबऱ्या वाचल्या. बापाच्या मृत्यूवरची ‘ख्राइस्ट इन काँक्रीट’ ही त्याची कथा १९३७ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात आली आणि १९३९ साली तिचीच कादंबरी झाली. ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने ती निवडली, म्हणजे हजारो मध्यमवर्गीय घरांत ती आपोआप पोचली. अपघातानंतर विधवा आई भरपाईच्या कचेरीत खेटे घालते तो भाग ज्याने वाचला, त्याला मजूर कायदा कागदावर असणे आणि माणसाच्या हाती असणे यांतील अंतर वेगळे शिकवावे लागणार नाही. या कादंबरीतले इंग्रजीही नेहमीचे नाही. अब्रुझीच्या बोलीतील वाक्यांची ठेवण तशीच ठेवून ती इंग्रजी शब्दांत बसविलेली आहे, त्यामुळे गवंड्यांचे बोलणे प्रार्थनेसारखे भासते. हे धाडस गवंड्यानेच करावे!

पण काळ पाहावा. १९३९ हे साल मंदीचे आणि कामगार चळवळीचे होते. श्रमिकाची कहाणी वाचणे हे तेव्हा सुशिक्षितांना आपले कर्तव्य वाटत होते. युद्धानंतर ते वाटेनासे झाले. दि दोनातोची पुढची कादंबरी १९५८ साली, म्हणजे तब्बल १९ वर्षांनी आली आणि फारशी गवगवा न होता विसरली गेली. या लेखकाजवळ एकच पुस्तक होते असा निवाडा समीक्षक देत आले आहेत. तो सर्वस्वी अन्यायाचा नाही. तरीपण ज्या वाचकवर्गाने त्याला डोक्यावर घेतले, त्या वर्गाची आवड पालटली हेही त्यात जमेस धरावयास हवे.

त्याच १९३९ साली जॉन फान्टेची ‘आस्क द डस्ट’ प्रसिद्ध झाली. हाही अब्रुझीहून आलेल्या गवंड्याचाच मुलगा, कोलोराडोत वाढलेला. त्याचा नायक आर्तुरो बांदिनी लॉस एंजेलिसच्या एका स्वस्त खोलीत संत्री खाऊन दिवस काढतो आणि थोर लेखक होण्याची स्वप्ने पाहतो. एका उपाहारगृहातील मेक्सिकन मुलीवर त्याचे मन जडते, आणि लहानपणी गोऱ्या मुलांनी त्याला जसे हिणवले होते तसेच तो तिला तिच्या वंशावरून हिणवतो. मग खोलीवर येऊन शरमेने पोळून निघतो. अपमानाची ही वारसाहक्काने होणारी वाटणी इतक्या निर्भीडपणे क्वचितच कोणी लिहिली असेल. पुस्तकाचे दैव मात्र विचित्र. त्याच्या प्रकाशकाने हिटलरचे ‘माइन काम्फ’ विनापरवाना छापले होते. त्याबद्दल खटला गुदरला गेला, आणि जाहिरातीसाठी असलेला पैसा त्या कज्ज्यात गेला, असे फान्टेच्या आयुष्याविषयी लिहिणारे सांगतात. पुढे फान्टेने हॉलिवूडमध्ये पटकथा लिहून संसार चालविला. मधुमेहाने १९७८ मध्ये त्याची दृष्टी गेली आणि पुढे दोन्ही पायही कापावे लागले. चार्ल्स बुकोव्स्की या कवीला तरुणपणी लॉस एंजेलिसच्या ग्रंथालयात ‘आस्क द डस्ट’ सापडले होते. त्याच्या आग्रहामुळे १९८० साली एका छोट्या प्रकाशनसंस्थेने त्याची नवी आवृत्ती काढली. अंध फान्टेने पत्नीला सांगून शेवटची कादंबरी लिहवून घेतली, आणि १९८३ साली तो वारला. ४१ वर्षे या पुस्तकाचा सांभाळ केला तो ग्रंथालयाच्या फळीने. बाजाराला त्याची दाद नव्हती.

काही लेखकांनी बाजाराचा कौल आधीच ओळखला. साल्व्हातोर लोम्बिनो या तरुणाला सांगण्यात आले, की हे आडनाव मुखपृष्ठावर चालावयाचे नाही. १९५२ साली त्याने कायदेशीररीत्या इव्हान हंटर असे नाव घेतले, आणि १९५४ च्या ‘द ब्लॅकबोर्ड जंगल’ या शिक्षकाच्या जीवनावरील कादंबरीने तो घरोघर पोचला. जेरी मॅन्जिओनीने आपल्या सिसिलियन गोतावळ्याच्या आठवणी लिहिल्या, तर प्रकाशकाने त्या कादंबरी म्हणून छापण्याचा हट्ट धरला. ‘माउंट अॅलेग्रो’ १९४३ साली अशा रीतीने नावे बदलून बाहेर पडले. आता ज्या लेखकाने आडनावच टाकले, त्याची गणना टलीझच्या यादीत कोणी आणि कशी करावी?

या साऱ्या व्यवहाराची खतावणीच मारिओ पुझोने आपल्या हाताने मांडून ठेवली आहे. पुझोचा जन्म १९२० चा, न्यूयॉर्कच्या ‘हेल्स किचन’ या गरीब वस्तीतला. वडील रेल्वेत मजूर, आई निरक्षर. मुलाने रेल्वेत कारकून व्हावे ही आईच्या महत्त्वाकांक्षेची परिसीमा होती. मुलगा लेखक होणार म्हणाला तेव्हा याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असे तिने धरून चालले, असे त्यानेच लिहिले आहे. त्याच्या पहिल्या कादंबरीने, १९५५ च्या ‘द डार्क अरीना’ने, त्याला ३,५०० डॉलर दिले. दुसरी ‘द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’ दहा वर्षांनी, १९६५ मध्ये आली. लुचिया सांता ही दोनदा लग्न झालेली, पोरांचा लबाडा ओढणारी, कोणापुढे न वाकणारी स्त्री तिची नायिका. समीक्षकांनी वाखाणलेली ही कादंबरी आपली सर्वोत्तम कृती आहे, असे पुझो अखेरपर्यंत मानत होता. तिचे उत्पन्न ३,००० डॉलर. डोक्यावर कर्ज मात्र २०,००० डॉलरचे. त्या कादंबरीत गुन्हेगारी जगाचा एक बारीकसा धागा होता. तो माफियाचा भाग थोडा अधिक असता तर पुस्तक खपले असते, असे एका संपादकाने हळहळून सांगितले. पुझोने तो सल्ला शब्दशः मानला. ५,००० डॉलरच्या आगाऊ रकमेवर त्याने ‘द गॉडफादर’ लिहायला घेतली. ती १९६९ साली निघाली, आणि केवळ तिच्या स्वस्त आवृत्तीच्या हक्कांना ४,१०,००० डॉलर मिळाले. खरा गुंड आपण तोवर कधी पाहिलाही नव्हता, सारे संशोधनावरून लिहिले, अशी कबुली त्याने दिली आहे.

पुझोला दोष देणे सोपे आहे. पण कर्जबाजारी, पाच मुलांच्या बापाला तो कोणत्या तोंडाने द्यावा? प्रश्न मागणीचा आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात पुझोने आणखी एक गोष्ट सांगितली. डॉन कॉर्लिओनेच्या तोंडी शब्द घालताना आपल्या कानांत आईचा आवाज असे. डॉनचे शहाणपण, त्याचा निर्दयपणा, कुटुंबावरची त्याची माया ही सारी तिची होती. म्हणजे एकच वाणी. ती गरीब विधवेच्या मुखी असताना बाजाराने तिला ३,००० डॉलर दिले, आणि गुंडाच्या मुखी घातली तेव्हा लाखो. आज मराठी वाचकालाही ‘गॉडफादर’ ठाऊक आहे. लुचिया सांताचे नाव क्वचितच कोणी ऐकले असेल. जाता जाता हेही नमूद करावयास हवे, की खुद्द टलीझचे १९७१ साली गाजलेले ‘ऑनर दाय फादर’ हे पुस्तक एका माफिया कुटुंबावरचेच होते. स्वतःच्या कुळाचा इतिहास सांगणारे ‘अन्टू द सन्स’ त्याला १९९२ मध्ये देता आले.

बाजार सर्वत्र असाच वागतो असे मात्र नाही. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारने १९३५ साली सुरू केलेल्या लेखक योजनेत मॅन्जिओनी अधिकारी होता. बारे येथील ग्रॅनाइटच्या खाणकामगारांवर आणि त्यांना जडणाऱ्या धुळीच्या रोगावर ‘लाइक लेसर गॉड्स’ ही १९४९ ची कादंबरी लिहिणाऱ्या मारी तोमासीनेही त्याच योजनेत काम केले होते. कॅनडात १९७१ नंतर बहुसांस्कृतिकतेचे धोरण आले. १९७८ मध्ये माँट्रियलला ‘गर्निका’ ही छोटी प्रकाशनसंस्था निघाली, आणि १९९० साली नीनो रिच्चीच्या ‘लाइव्हज ऑफ द सेंट्स’ला तेथील गव्हर्नर जनरलचा पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीत एकही डॉन नाही.

टलीझने प्रश्न विचारण्यापूर्वी आठ वर्षे, म्हणजे १९८५ साली, हेलन बरोलिनीने ‘द ड्रीम बुक’ हा इटालियन-अमेरिकन लेखिकांच्या साहित्याचा संग्रह संपादित केला होता. घरातले दडपण तिनेही नाकारले नाही. परंतु प्रकाशक, समीक्षक आणि विद्यापीठे यांनी या लेखिकांकडे कशी पाठ फिरविली, हे तिने प्रस्तावनेत स्पष्ट शब्दांत मांडले. तिची स्वतःची ‘उंबर्तिना’ ही कादंबरी १९७९ ची. तीही काही काळाने बाजारातून नाहीशी झाली, आणि १९९९ साली फेमिनिस्ट प्रेसने ती पुन्हा छापली. कॅलाब्रियात शेळ्या राखणारी उंबर्तिना लग्नासाठी विणून घेतलेली एक सुंदर रंगीत चादर अमेरिकेत आणते. न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्तीतून बाहेर पडण्यासाठी पैसा हवा असतो, तेव्हा ती चादर ती एका समाजसेविकेला विकते. पुढे संसाराला बरकत येते, पण चादर काही परत मिळत नाही. कितीतरी वर्षांनी तिची पणती स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी असलेल्या स्थलांतरितांच्या संग्रहालयात जाते. तेथे काचेआड एक जुनी कॅलाब्रियन चादर मांडलेली असते. ती चादर कोणाची, हे न कळताच ती पोरगी थोडा वेळ तिच्यासमोर उभी राहते आणि पुढे जाते.