आवाज ओळखण्याचे पैसे घ्या



"सर, गॅरेज टाकायचंय, भांडवल किती लागेल?" जव्हार-मोखाड्याकडच्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. पान्यांचा सेट, कॉम्प्रेसर, गाळ्याचं डिपॉझिट असा सगळा हिशेब त्यांच्याकडे तयार असतो. मुद्रा योजनेत शिशु गटातून ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, हेही माहीत असतं. एकच गोष्ट त्या हिशेबात नसते, ती म्हणजे कान. माझं मत सरळ सांगतो. गाडीचा आवाज ओळखणं हे वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायला पहिल्या दिवसापासून सुरुवात करा.

का ते बघा. या भागात घाट, वळणं, पावसाळ्यात चिखल आणि नंतर धूळ. घरात बहुतेकदा गाडी एकच. तिच्यावरच कामाला जायचं, बाजार आणायचा आणि रात्री-अपरात्री कुणाला बरं नसलं तर जव्हारच्या कुटीर रुग्णालयातही तिच्यावरूनच न्यायचं. "गाडीतून कसलातरी आवाज येतोय" म्हणत माणूस तुमच्या दारात येतो, तेव्हा तो आधीच धास्तावलेला असतो. धास्तावलेल्या माणसाला काहीही विकता येतं. तुमची परीक्षा तिथेच असते.

आधी पाना उचलू नका, विचारा. आवाज कधी येतो? गाडी थंड असताना की गरम झाल्यावर? चढाला, खड्ड्यात की ब्रेक मारल्यावर? ऑइल शेवटचं कधी बदललं? मग ऑइलची पातळी बघा आणि या क्रमाने जा.

१. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये मेन स्टँडवर. मागचं चाक हाताने फिरवा, बोटं चेनपासून लांब ठेवा. घरघर आली तर बेअरिंग तपासा. करकर आली तर चेन कोरडी असेल. घासल्यासारखा आवाज आला तर ब्रेक ड्रममध्ये चिखल गेला असेल किंवा शू झिजले असतील. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तरच चेन किट बदलायची गोष्ट काढा.

२. इंजिन चालू, गाडी जागेवरच. रेस वाढवली की आवाजही वाढतो का? हेडमधली बारीक टिकटिक बऱ्याचदा टॅपेटची असते. थंड इंजिनवर फीलर गेज लावून गॅप बसवली की काम झालं. थंडपणी येणारी ठकठक इंजिन तापल्यावर कमी होत असेल तर पिस्टन-सिलेंडरची झीज असू शकते. पण इंजिनच्या खालच्या भागातून जड ठोके येत असतील आणि लोड पडल्यावर ते वाढत असतील, तर मालकाला गाडी तिथेच थांबवायला सांगा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं.

३. इंजिन चालू असताना क्लच दाबा. आवाज बदलला किंवा थांबला तर शोध क्लच आणि गिअरबॉक्सकडे वळवा.

४. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा. हँडलखाली 'टक' वाजलं तर कोन सेट सैल झालाय का ते बघा.

आणि एक आवाज असा, की ज्यात बहुतेकदा काहीच बदलायचं नसतं. घाट चढताना गडी टॉप गिअर सोडत नाही आणि इंजिन टणटण वाजायला लागतं. त्याला एवढंच सांगायचं, "दादा, गिअर खाली टाकून बघा."

आता मला सांगा, या सल्ल्यात तुम्ही कमावलं काय? पार्ट विकूनच कमाई होत असेल तर शून्य! म्हणूनच चांगल्या मेकॅनिकचा कानसुद्धा हळूहळू बिघडतो. घरभाडं तोंडावर आलं की टॅपेटची टिकटिकही त्याला 'इंजिनचं काम' वाटायला लागते. माणूस वाईट नसतो, त्याचा धंदा चुकीच्या जागी पैसे मिळवायला शिकलेला असतो.

उपाय साधा आहे. तपासणी ५० रुपये, अशी पाटी लावा. आवाजाचं कारण सापडलं तर घ्या, नाही सापडलं तर घेऊ नका. दिवसाला सहा गाड्या धरल्या तरी ३०० रुपये होतात. काम तुमच्याकडेच केलं तर ही फी माफ करायचा मोह होईल, तो आवरा. माफ केली की तुम्ही पुन्हा पार्ट खपवण्यावर आलात.

"आमच्याकडे नुसतं बघायचे पैसे कोण देतो?" असं तुम्ही म्हणाल. सुरुवातीला कुरकुर होणारच, आणि ५० रुपये इथे लहान रक्कम नाही. पण न लागणारं इंजिनकाम हजारोंचं असतं. कारण शोधून गिऱ्हाइकाला दाखवा, ढिली चेन त्याच्याच हाताला लागू द्या. कागदावर दोन ओळी लिहून द्या: काय झालंय, लगेच काय करायचं, काय थांबू शकतं. तो कागद घेऊन तो दुसऱ्या गॅरेजला गेला तरी चालेल. आणि जे काम आपल्याला येत नाही, त्याला "हे माझ्याकडून होणार नाही" म्हणायला शिका.

छोट्या गावात एकाची फसवणूक आठवडी बाजारापर्यंत पोहोचते. खरेपणाही त्याच वाटेने पोहोचतो, फक्त थोडा उशिरा. तेवढा उशीर सोसायची तयारी असेल तरच गाळा भाड्याने घ्या.