शिक्षक द्या, नाहीतर वर्ग झेडपीच्या आवारात भरतील

हा अर्ज नाही. अर्ज देऊन झाले. त्यांच्या पोच शाळा व्यवस्थापन समितीच्या फायलीत पडून आहेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून मंत्रालयातल्या शिक्षण खात्यापर्यंत सगळ्यांना जिल्हा परिषद शाळांच्या पालकांचा हा जाहीर इशारा आहे.

शाळा बंदचा आदेश काढला की गावे बिथरतात, हे सरकारला २०१७ साली कळले. दहाच्या आतल्या पटाच्या १,३००हून अधिक शाळा तेव्हा बंद करायला घेतल्या होत्या. आता टाळे गुपचूप लागते. गुरुजी निवृत्त झाले की जागा भरायची नाही. उरलेल्या एकट्याच्या गळ्यात चार इयत्ता, मतदार याद्यांचे बीएलओचे काम, पोषण आहाराचा हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती. शिकवणे मागे पडले की आईबाप पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात. पट घटतो. मग तोच पट दाखवून, पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संच मान्यतेत पद उडवायचे! २०२४ च्या शिक्षक दिनालाच वीसच्या आतल्या पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. मुहूर्त कोणी काढला, देव जाणे. त्याच महिन्यात शिक्षकांना सामूहिक रजा टाकून रस्त्यावर यावे लागले.

पैशाचे बोलू. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षेतून मिळणारे संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये. म्हणजे महिन्याला साडेआठशेही नाहीत, आणि त्यात वीजबिल, खडू, हजेरीपुस्तके, संडासाची सफाई, गळक्या पत्र्याची डागडुजी. खिचडी शिजवणाऱ्या ताईंचे मानधन महिना २,५०० रुपये. बाकी सारे 'लोकसहभागा'तून: भिंतींचा रंग गावाचा, टीव्ही गावाचा. जानेवारी २०२५ मध्ये आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या अंड्याचाही निधी काढून घेतला आणि तेही लोकसहभागातून द्या म्हणून कळवले. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने स्वतःच्या लेकराच्या सरकारी अंड्यासाठी वर्गणी द्यायची, असा हा कारभार.

रयतेकडून कर घ्यायचा आणि तो वरच्यांच्या शिक्षणावर उधळायचा, ही तक्रार जोतिराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे लेखी मांडली. समोर इंग्रज होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेही एका संस्थानाच्या तिजोरीवर. आजचे सरकार उठता-बसता या दोघांची नावे घेते.

आता अट ऐका. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल त्या सकाळी साठ मुलांपर्यंतच्या प्रत्येक प्राथमिक शाळेत दोन नियमित शिक्षक हजर हवेत. ही मेहेरबानी नव्हे, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातला आकडा आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज शिक्षकाला दुसरे काम देऊ नये, हे त्याच कायद्याचे कलम २७ सांगते, ते पाळा. वर्षाचे अनुदान पहिल्या सत्रातच पूर्ण द्या. वर्ष सरताना मार्चमध्ये येणाऱ्या पैशाने पावसाळ्यातली गळती थांबत नाही.

हे झाले नाही, तर आम्ही शाळेला टाळे ठोकणार नाही. ते तर तुम्हाला हवेच आहे. आम्ही पोरे दप्तरासकट जिल्हा परिषदेत आणू. पहिलीचा वर्ग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर बसेल, चौथीचा शिक्षण विभागाच्या जिन्यात; शिक्षक येईपर्यंत रोज. लहान शाळा बंद करून मुले एकत्र आणणाऱ्या समूह शाळेला संमती देणारा ठराव आमच्या ग्रामसभांत होणार नाही. आणि कायदा मोडल्याची दाद उच्च न्यायालयात मागू. खासगी शाळांना गरीब मुलांच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट देणारी तुमची अधिसूचना याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली होती, हे विसरू नका.

पालकांनो, १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय आणि त्याची नक्कल हातात पडल्याशिवाय घरी जाऊ नका.