फुटपाथला चाक धडकले तेव्हा

या सदरात आम्ही रेशनकार्ड, पतपेढीचे कर्ज, मुलांची शिष्यवृत्ती असे घरगुती व्यवहाराचे विषय घेत आलो. आजचा विषय चाकाचा आहे. आपल्या वस्त्यांतून आता पुष्कळ घरांपुढे, जुनी का होईना, चारचाकी उभी दिसते. कोणी ती हप्त्यावर घेतलेली असते, कोणी भाड्याच्या धंद्यासाठी ठेवलेली असते. घेताना आपण चार जणांना विचारतो. पण तिला काही इजा झाली की कोणाला विचारावे ते कळत नाही. आमचेही तसेच झाले. त्यात मोठी चूक आमची होती, हे आधीच सांगून टाकतो.

ही गोष्ट २०२३ च्या जुलै महिन्यातली. आमची गाडी लहान, सात वर्षांची, पत्र्याच्या रिमची. ऑफिस सुटल्यावर एक बैठक होती, ती नेहमीप्रमाणे लांबली. पिंपरीहून घरी परतताना पाऊस लागला, त्यात रस्त्यावरचे दिवे गेलेले. एका वळणावर समोरून उलट्या दिशेने मोटारसायकल आली. तिला वाचवायला आम्ही गाडी डावीकडे घेतली आणि पुढचे डावे चाक फुटपाथच्या कडेच्या दगडावर जोरात आदळले. वेग चाळीसच्या आसपास असावा. त्या पावसात आणि अंधारात तोही जास्तच होता. मोटारसायकलवाला निघून गेला. आम्हाला काही लागले नाही. खाली उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिले, तर चाकावरची प्लास्टिकची टोपी उडालेली, रिमची कड जराशी मुडपलेली, पण टायरमध्ये हवा शाबूत. चला, थोडक्यात निभावले, असे म्हणून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना लक्षात आले की गाडी सरळ चालवायची तर स्टिअरिंग थोडे तिरके धरावे लागते. हात सैल सोडला की गाडी डावीकडे ओढते. रविवारी साताऱ्याकडे मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचे होते. आम्ही दोघे, दोन मुले आणि आमच्या मातोश्री. वाटेत खंबाटकीचा घाट. म्हणून शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून एका व्हील अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. काचेचे ऑफिस, भिंतीवर मोठा पडदा, चारही चाकांना चिकटवलेली यंत्रे. अर्ध्या तासात काम झाले. स्टिअरिंग सरळ झाले, ओढणे थांबले. सहाशे रुपये मोजले आणि एक छापील कागद घेऊन आम्ही खुशीत घरी परतलो.

तो कागद आम्ही गाडीच्या कप्प्यात टाकणार होतो. पण मुलांच्या आईला कागद वाचायची सवय आहे. तिने विचारले, "अहो, सगळे आकडे हिरवे आहेत, मग हा एकच लाल का?" आम्ही दुकानात फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "साहेब, तो सेट होत नाही, चालतंय तसंच." आमचे समाधान झाले. तिचे झाले नाही. "चालतंय तर मग लाल कशाला छापतात?" या प्रश्नाला बी.कॉम. झालेल्या माणसापाशी उत्तर नव्हते.

इथे थोडे थांबून हा कागद काय सांगतो ते पाहू. आम्हालाही ते पुढे एका जुन्या मिस्त्रींनी समजावून दिले, तेव्हा कळले. चाकाची तीन मापे असतात. पहिले टो. आपण उभे राहून दोन्ही पावलांकडे वरून पाहिले, तर ती सरळ आहेत, आत वळलेली आहेत की बाहेर फाकलेली आहेत ते दिसते. चाकांचेही तसेच. दुसरे कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिले तर चाक ताठ उभे आहे की वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कलले आहे, ते हे माप. तिसरे कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क कसा थोडा पुढे तिरका असतो, तसा चाक ज्या अक्षावर वळते त्याचा कल. हा कल ठीक असला की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला पाहते.

आता गोम अशी की बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचे फक्त टो नटाने कमी-जास्त करता येते. कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यात ठरलेले असतात, त्यांना फिरवायला सोय नसते. म्हणून दुकानातला मुलगा "सेट होत नाही" म्हणाला ते खोटे नव्हते. पण जे माप फिरवताच येत नाही, तेच धक्क्यानंतर चुकीचे दाखवते, याचा अर्थ एखादा भाग वाकला आहे. तो भाग तसाच ठेवून टो जुळवले की स्टिअरिंग सरळ होते आणि गिऱ्हाईक खूश होते. आत वाकलेले वाकलेलेच राहते. आमच्या भाषेत सांगायचे तर वहीत चूक शोधायची सोडून शेवटची बेरीज जुळवून दिली!

असो. संध्याकाळी आम्ही स्टेपनीत हवा भरायला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. बाविशीचा मुलगा, टपरीएवढे दुकान. मुडपलेली रिम पाहून तो म्हणाला, "काका, चाक खोलून बघू का? बाहेरून काही कळत नाही." आम्हाला घाई होती. तरी सकाळचा तो लाल आकडा डोक्यात होता, म्हणून हो म्हटले. त्याने जॅक लावला, चाक काढले आणि उलटे करून आमच्यापुढे ठेवले. टायरच्या आतल्या भिंतीवर, जी बाजू गाडीखाली असते आणि उभ्याने कधीच दिसत नाही, तिथे लिंबाएवढा फुगा आला होता.

टायरची बाजूची भिंत म्हणजे नुसते रबर नव्हे. रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात आणि आतल्या हवेचा दाब ते दोरे पेलतात. दगड आणि रिम यांच्या मध्ये टायर चेचला गेला की हे दोरे तुटतात. मग त्या जागी फक्त रबर उरते, हवा त्याला बाहेर ढकलते आणि फुगा दिसू लागतो. तो पंक्चरसारखा काढता येत नाही. त्यावर पॅच लावणे, आत ट्यूब टाकणे हे सगळे स्वतःला फसवणे आहे. फुगा दुसऱ्या दिवशी फुटेल की महिन्याने, कोणी सांगू शकत नाही. पण भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि वेग एकत्र आले की फुटण्याची शक्यता वाढते. पुढचे चाक वेगात फुटले तर स्टिअरिंग हातात राहणे कठीण. आम्ही मातोश्रींना आणि मुलांना घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे घाटाला लागणार होतो. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, हे लिहायला लाज वाटत नाही. रविवारी आम्ही एस.टी.ने गेलो.

सोमवारी गाडी जुन्या मिस्त्रींकडे नेली. गाडी उचलून त्यांनी आधी चाकाला हात घातला. वर-खाली धरून हलवले, मग डावी-उजवीकडून धरून हलवले. वर-खाली ढिलेपणा लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगकडे पाहायचे, आडवा लागला तर टायरॉडकडे. मग चाक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला. नंतर ते खाली वाकले आणि डाव्या बाजूचा लोअर आर्म उजव्या बाजूच्याशी ताडून पाहिला. डावा वाकला होता. त्यामुळे चाकाचा खालचा भाग आत ओढला गेला होता. तोच तो लाल आकडा. टायरॉडचे टोकही ढिले झाले होते. शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि बेअरिंग सुदैवाने ठीक निघाले.

मिस्त्रींनी कामाचा जो क्रम सांगितला तो वाचकांनी कापून ठेवावा असे आम्हाला वाटते. आधी टायर आणि रिम. मग वाकलेले भाग बदलायचे. त्यानंतर बॅलन्सिंग आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. आम्ही शेवटचे काम पहिल्यांदा केले, म्हणून ते सहाशे रुपये पाण्यात गेले, कारण नवा आर्म बसल्यावर मापे पुन्हा बदलली. वाकलेला आर्म तापवून सरळ करून देतो असे कोणी म्हटले तर ऐकू नये. एकदा वाकून सरळ केलेले लोखंड आधीसारखे राहत नाही आणि हा भाग चाकाला जागेवर धरून ठेवतो. पत्र्याच्या रिमची मुडपलेली कड मात्र सरळ करता येते. अलॉय रिम असेल तर तडा गेला आहे का ते नीट पाहावे. तडा असेल तर वेल्डिंग करून वापरू नये. रिमची कड नीट नसली तर ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू निघत राहते आणि आपण विनाकारण पंक्चर शोधत बसतो.

धक्का बसला पण गाडी ओढत नाही, अशा वेळी काय? तरीही चाक खोलून आतली बाजू पाहावी. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत साठ-सत्तरच्या वर वेग गेला की स्टिअरिंग थरथरते का, चाकातून घोंघावल्यासारखा आवाज येतो का, यावर लक्ष ठेवावे. थरथर असेल तर रिम वाकलेली किंवा बॅलन्स गेलेला, घोंघाव असेल तर बहुधा बेअरिंग. टायरवरून आडवा हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखे लागले तर टो बिघडले आहे. एकच कड झिजत असेल तर कॅम्बरचा संशय घ्यावा. आणि चाक काढून पुन्हा बसवले की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर त्याचे नट एकदा परत आवळून घ्यावेत. एवढे तर घरची मंडळीही करू शकतात. आमची मुलगी आता करते.

आता हिशेब, कारण त्याशिवाय आमचे सदर पुरे होत नाही. टायर ३,९०० रुपये, लोअर आर्म १,८५०, टायरॉडचे टोक ६५०, रिम सरळ करणे ४००, मजुरी १,२००, बॅलन्सिंग-अलाइनमेंट ७००. एकूण ८,७००. दुसऱ्या बाजूचा टायर वर्षभराचाच होता, म्हणून एकावर भागले. तो झिजलेला असता तर जोडीने बदलावे लागले असते.

विम्याचा पैसा मिळाला असता का? नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीला एक पैसाही मिळत नाही. आमचा पूर्ण विमा होता. त्यात नेहमीच्या पॉलिसीत एकट्या टायरचे नुकसान धरत नाहीत, पण त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे देतात. म्हणजे १,९५०. धातूच्या भागांवर गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के घसारा कापतात, म्हणजे २,५०० चे १,५०० उरले. मजुरी वगैरे २,३०० धरले तर बेरीज ५,७५०. त्यातून आमच्या पॉलिसीवर लिहिलेली सक्तीची १,००० रुपयांची वजावट गेली की हाती ४,७५०.

पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. आमची सवलत ३५ टक्क्यांवर होती, पुढच्या वर्षी ४५ आणि त्यानंतर ५० होणार होती. दावा केल्यास ती शून्यावर येऊन पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढणार. आमच्या गाडीचा हा हप्ता सवलतीआधी साधारण ६,००० धरला तर पाच वर्षांत मिळून ७,२०० रुपये जास्त भरावे लागले असते. गाडीची किंमत दरवर्षी कमी धरतात म्हणून आकडा थोडा खाली येईल, तरी ४,७५० पेक्षा जास्तच राहील. म्हणजे लहान कामाला दावा न करणे आमच्या बाबतीत बरे. नुकसान पंचवीस-तीस हजारांचे असेल तर गणित उलटे होते, तेव्हा ज्याने त्याने मांडून पाहावे. ज्यांनी घसारा न कापण्याची जोड पॉलिसी घेतली आहे त्यांचेही गणित वेगळे येईल. दावा करायचाच असेल तर गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवून सर्व्हेअरला दाखवावी लागते. पॉलिसीच्या अटींत आणखी एक वाक्य बारीक अक्षरांत असते. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर त्या वाढीव नुकसानीची जबाबदारी मालकाची. आम्ही धक्क्यानंतर दोन दिवस गाडी चालवली होती.

त्या वळणावरच्या दगडांना रंग नव्हता, हेही खरे. आम्ही संबंधित कार्यालयात फोटो जोडून अर्ज दिला, पोच घेतली, दोन वेळा जाऊन आलो. तीन महिन्यांनी काळे-पांढरे पट्टे आले. दिवे मात्र अधूनमधून अजून जातात.

नवा टायर घातल्यावर जुन्याचे काय करायचे, असे त्या पंक्चरवाल्या मुलाने विचारले. वरून तो टायर चांगला दिसत होता, नक्षी भरपूर शिल्लक होती. शेजारी उभा असलेला एक रिक्षावाला म्हणाला, सेकंडहँडवाला याचे पाच-सहाशे सहज देईल. आमचा हात क्षणभर खिशाकडे गेला. मुलाने आमच्याकडे पाहिले, आम्ही मान हलवली. मग त्याने धारदार पाते घेतले आणि फुग्यापासून सुरुवात करून टायरची भिंत गोल कापून काढली, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या चाकावर चढायला नको.