ट्रकला ताप चढतो तो केव्हा?

नाशिकच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. चकल्या-करंज्यांच्या दिवसांत इंजिनाची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. पत्र वाचल्यावर वाटणार नाही. त्यांच्या धाकट्या दिरांचा एक जुना ट्रक आहे. लासलगावचा कांदा वाशीच्या बाजारात पोहोचवायचा आणि मिळेल तो माल भरून परत यायचे, यावर दोन घरे चालतात. हल्ली गाडी तापते. गॅरेजवाल्याने वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तापतेच. आता तो म्हणतो, "इंजिन उघडावे लागेल." दिवाळीनंतर लाल कांद्याची आवक वाढेल, तेव्हा गाडी दारात उभी राहून चालणार नाही. म्हणून बाईंच्या पाटल्या गहाण ठेवण्याचे घाटते आहे. "ठेवू का?" एवढाच त्यांचा प्रश्न.

आमचे उत्तर असे, की इतक्यात नको. आधी दिरांना विचारा, गाडी तापते ती नेमकी केव्हा?

शंभर रुपयांचे डिझेल जाळले, तर ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाके फिरवण्यात जातो, तिसरा धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेल्या उष्णतेतली बरीचशी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या गळ्यात पडते. ते पाणी पुढच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते, पंख्याचा वारा खाऊन निवते आणि पंप त्याला पुन्हा इंजिनात ढकलतो. म्हणजे दुखणे वाऱ्याचे असेल, नाहीतर पाण्याचे. उभ्या गाडीचा, गर्दीत रांगत असताना काटा चढत असेल, तर आधी वाऱ्याचा संशय घ्यावा: पंख्याचा पट्टा सैल झालेला, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे बसलेले. (घरच्या मोटारीला पंखा बहुधा विजेचा असतो, ती गर्दीत तापली, तर तो घरघरतो की नाही, हे आधी ऐकावे.) गर्दीत काही नाही, पण ओझे घेऊन चढ लागला की तापते, तर मात्र पाणी पुरेसे फिरत नाही किंवा नीट निवत नाही, असे समजावे.

आता बाईंनी पत्रात सहज लिहिलेले एक वाक्य पाहा. वाशीला बाजाराबाहेर तासभर रांगेत इंजिन चालू असते, तेव्हा काटा जागचा हलत नाही. कांदा नेताना घाट उतारच असतो, तेव्हाही नाही. रिकामी परत आली, तरी नाही. माल भरून कसारा घाट चढू लागली, की काटा लालवर! हे वाक्य मिस्त्रीने ऐकून घेतले असते, तर पंपाचे पैसे कदाचित वाचले असते. पाणीही फारसे कमी होत नाही, असे त्या लिहितात. फार मोलाची गोष्ट आहे ही.

आमचा संशय रेडिएटरवर आहे. तो धुतला आहे म्हणतात, पण बाहेरून! रोज विहिरीचे जड पाणी ओतलेल्या नळ्यांच्या आत काय होते, हे आपल्या न्हाणीघरातला जुना बंब फोडून पाहिला तर कळेल. क्षाराचा थर बसत बसत नळी बुजते. सपाटीवर उरलेल्या नळ्या काम भागवतात. घाटात भागत नाही. खात्री करणे अवघड नाही. उष्णता मोजायचे पिस्तुलासारखे यंत्र मिळते. २०२० साली करोनाच्या दिवसांत दुकानांच्या दारात आपल्या कपाळावर रोखले जाई, त्याचीच ही थोरली बहीण. गाडी चांगली तापली, की इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर जागोजागी ते रोखावे. मध्येच थंड पट्टे लागले, तर तिथून पाणी जातच नाही. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल, तर कारागीर वरची-खालची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवतो आणि साफ करून देतो. त्यानंतर मात्र विहिरीचे पाणी बंद. शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट घालून तेच भरायचे.

त्याच वेळी रेडिएटरचे झाकणही पाहून घ्यावे. गृहिणींना हे समजावून सांगायला नको, कारण ते कुकरच्या शिट्टीचे भावंड आहे. आतला दाब धरून ठेवला, की पाणी उशिरा उकळते. अर्ध्या बारचे झाकण चांगले असेल, तर पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर मेलेले असेल, तर साध्या पातेल्यासारखे उकळू लागते. तापलेल्या गाडीचे झाकण मात्र कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. वरचा रबरी पाइप हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत थांबावे. उकळत्या पाण्याच्या फवाऱ्याने तोंड भाजलेले क्लीनर आम्ही पाहिले आहेत.

आणि तो काढलेला थर्मोस्टॅट! गाडी तापली की हा बिचारा पहिला फेकला जातो. गार इंजिन लवकर तापावे आणि मग रेडिएटरची वाट उघडावी, एवढेच त्याचे काम. कित्येक इंजिनांत तो नसला, की पाणी जवळची आडवाट धरून रेडिएटरला वळसा घालते आणि गाडी उलट अधिक तापते. जुना सापडला, तर पातेल्यात पाण्यात टांगून तापवा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे. उघडत नसेल, तर नवा बसवा, पण बसवा.

हे सारे करूनही कसाऱ्याला काटा चढला, तर हेड गॅस्केटकडे वळावे. इंजिन गार असताना झाकण काढून सुरू करावे. पाण्यातून बुडबुडे थांबता थांबत नसतील, पाणी कुठेही न गळता कमी होत असेल, किंवा ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे मानावे लागेल. मग हेड उघडू द्या. पण दिरांना त्या वेळी तिथे उभे राहू द्या. निघालेली गॅस्केट मागून घ्यावी. जळाल्याचा काळा माग तिच्यावर दिसतो. आणि हेडवर पोलादी पट्टी धरून ते सपाट आहे ना, हे नवी गॅस्केट घालण्यापूर्वी तपासायला सांगावे. वाकलेल्या हेडवर नवी गॅस्केट बसवली, तर थोड्याच फेऱ्यांत पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल.