व्हॉट्सअ‍ॅपवरून संघ घडतो का? नांदेड-लातूरचं गणित

किनवट ते नांदेड हे अंतर शंभर किलोमीटरच्या पुढचं. जिल्ह्याच्या खो-खो संघात एक मुलगी किनवटची, दुसरी देगलूरची असेल, तर रोज एकत्र सराव कसा होणार? लातूरकडे उदगीर, निलंग्याचंही तेच. मग सराव चालतो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानेही ऑनलाइन वर्ग घेतले होते. तेव्हा नाइलाज होता. आता सोय म्हणून करताना त्यातून नेमकं काय शिकवता येतं, हे बघायला हवं.

एकट्याची हालचाल छान शिकवता येते. गोळाफेक घ्या. मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधव, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधल्या भारताच्या ध्वजवाहक, एफ-३४ गटात बसून गोळा फेकतात. खेळाडू एका जागी, त्यामुळे बाजूला ठेवलेल्या मोबाइलला खांदा, कोपर, गोळा सुटण्याचा कोन सगळं दिसतं. अट एकच, फ्रेमची. हात सेकंदाला ८ मीटर वेगाने गेला, तर ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन चित्रांच्या मध्ये तो सुमारे २७ सेंटीमीटर सरकतो. म्हणजे नेमका क्षणच निसटला! २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये हेच अंतर साडेतीन सेंटीमीटरच्या आत येतं. पण व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ करून पाठवा. डेटा जास्त जाईल, जाऊ द्या.

खो-खोत मात्र लाइव्ह व्हिडिओ कॉलचा उपयोग जवळपास शून्य. मैदान २७ बाय १६ मीटर, आणि सरांचं ‘खो दे’ फोनमधून पोचेपर्यंत धावणारी पुढे निघून गेलेली असते. त्यापेक्षा खांबामागून, उंचावरून डाव चित्रित करा आणि संध्याकाळी सरांनी ‘तिसऱ्या मिनिटाला बघ’ अशी व्हॉइस नोट टाकावी. मुलीनेही उलट बोलून सांगावं, तिला तेव्हा काय दिसलं ते.

खरी अडचण वेगळीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. शाळकरी मुलीचा ग्रुपमधला नंबर बहुतेक वेळा वडिलांचा. निळ्या खुणा उमटतात, पण नोट ऐकली कोणी? वडील शेतात असतील तर तिचा व्हिडिओ येतच नाही आणि सरांना वाटतं, पोरगी सराव चुकवते. निवड अशा हजेरीवर होऊ लागली तर मागे कोण पडणार, हे उघड आहे. त्यापेक्षा गावातल्या क्रीडाशिक्षकांनी शाळेच्या वेळेत दोघी-तिघींचे व्हिडिओ एकाच फोनवर काढून थेट सरांना पाठवावेत. पोरींचे व्हिडिओ ग्रुपभर फिरणारही नाहीत.