भाऊबीजेआधी ब्रेक पाहा

भाऊबीजेला गोंदियाहून देवरीला बहिणीकडे मोटारीने निघणार ना? मग पुढचे ब्रेक आधी पाहा. गाडी थांबविण्याचा मोठा भार त्यांच्यावरच असतो. पॅडचे अस्तर ३ मिलिमीटरवर आले, की दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली झिजली, तर तीही बदलावी. काम घरी जमते. मात्र गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, मजबूत स्टँड लावावेत. कॅलिपर नळीवर लोंबू न देता तारेने बांधावा. नव्या डिस्कवरचे तेल पुसावे. शेवटी, गाडी हलविण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत दाबावे. पिस्टन मागे सारलेला असतो; पहिले दाब पोकळच जातात. आणि दिवाळीत फाटकाशीच मुले फटाके उडवीत असतात!