बकासुराचा गाडा आणि विकतचा भीम

जी वस्तू अजून तयारच झालेली नाही तिच्यावरून हातघाईवर येण्याची सवय आपल्याला निवडणुकांच्या जाहीरनाम्यांनी लावलेलीच आहे. आता तीत व्हिडिओ गेमची भर पडली आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट ही कंपनी ‘विचर ४’ नावाचा एक खेळ तयार करीत आहे. त्याची सहा मिनिटांची झलक १२ डिसेंबर २०२४ रोजी लॉस एंजेलिसच्या एका समारंभात दाखविण्यात आली. २०२६ साल संपण्यापूर्वी तो बाजारात येणार नाही, असे खुद्द कंपनीनेच २०२५ साली सांगून टाकले. म्हणजे स्वयंपाक अजून चुलीवर आहे. तरी एका बाजूला त्याच्या नावाने आरत्या चालू आहेत, दुसऱ्या बाजूला शिव्याशाप, आणि तिसऱ्या बाजूला आमची विद्वान मंडळी नाके मुरडून उभी आहेत. मला प्रथम या तिसऱ्या बाजूशी भांडावयाचे आहे, कारण ती घरचीच माणसे आहेत.

त्यांचे म्हणणे असे की, हे खेळ म्हणजे पोरांचा वेळ खाणारे यंत्र. त्यांत परदेशी भुतेखेते, तलवारी आणि रक्त. गोष्ट, संस्कार, विचार वगैरे काही नाही. व्याख्यानमालेत हे वाक्य उच्चारले की टाळी हमखास पडते. टाळी देणाऱ्या पालकांपैकी कितीजणांनी मुलाच्या शेजारी बसून अर्धा तास तो खेळ पाहिला आहे? मी मॅट्रिकपलीकडे न शिकलेला मास्तर आहे, पण पुस्तक न वाचता अभिप्राय देऊ नये एवढे मला माझ्या मास्तरांनी शिकविले होते.

ज्यांना या प्रकाराची काहीच कल्पना नाही अशा वडीलधाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. कादंबरीत लेखक तुमचे बोट धरून तुम्हाला नेतो. या ‘मुक्त जगा’च्या खेळात त्याने ते बोट सोडून दिलेले असते. पुढे डोंगर, नद्या, गावे, बाजार पसरलेले असतात. वेशीबाहेर पडून डावीकडे वळावे की उजवीकडे, विहिरीवरच्या म्हातारीचे गाऱ्हाणे ऐकावे की पुढे चालू लागावे, हे खेळणाराच ठरवतो. म्हातारीला टाळून गेलात तर चार तासांनंतर कुठल्या तरी गावात त्याचे फळ तुमच्यापुढे येऊन उभे राहते. कर्मविपाक समजावून सांगण्यास याहून सोपे साधन मी तरी पाहिलेले नाही. अर्थात, चार तास म्हटल्यावर आयाबहिणी दचकल्या असतील. त्यांचे दचकणे रास्त आहे. वेळेचे बंधन घरात असलेच पाहिजे, ते पत्त्यांनाही हवे, क्रिकेटलाही हवे आणि मालिकांनाही हवे. पण वेळ फार जातो ही एक तक्रार झाली आणि त्यात गोष्टच नाही ही दुसरी. पहिली खरी आहे म्हणून दुसरी खरी ठरत नाही.

आता ती सहा मिनिटांची झलक. एका गावाची रीत अशी की, रानातल्या राक्षसाला ठरावीक काळाने एक मुलगी द्यावयाची. त्या राक्षसाचे नाव बाउक, ते सर्बियन लोककथांतून घेतलेले आहे. मुलगी नटवून रानात पाठविली जाते. तेथे सिरी नावाची बाई येते. राक्षस मारणे हा तिचा पोटाचा धंदा, ती ठरलेले पैसे घेऊन हे काम करते. ती मुलीला माघारी धाडते, राक्षसाशी झुंजते आणि त्याला मारते. परत गावात येऊन पाहते तो काय, गावकऱ्यांनी त्या पोरीला ठार केलेले आहे. राक्षस मेला तरी रीत जिवंत राहिली.

वाचकहो, हे परदेशी भूत आहे काय? एकचक्रानगरीचा बकासुर आपण विसरलो? गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, ही त्याची पाळी ठरलेली होती. कुंतीने ब्राह्मणाच्या घरच्याऐवजी भीमाला धाडले आणि प्रश्न मिटला. सिरी हा विकतचा भीम आहे, एवढाच काय तो फरक. आणखी जवळचे पाहावयाचे तर शीतळासप्तमीची कहाणी घ्या. राजाच्या नव्या तळ्याला पाणी लागेना, जलदेवतेने सुनेचे पोर मागितले आणि आजोबांनी ते देऊन टाकले. श्रावणात हातात अक्षता घेऊन आमच्या आज्या ही कहाणी सांगत. त्या सुनेच्या पुण्याईने पोर परत मिळते म्हणून आपण समाधानाने साठा उत्तरांकडे वळतो. पोलंडातल्या लेखनिकांनी तो शेवट नाकारला आणि विचारले, देव प्रसन्न झाला नाही तर? राक्षस मारून झाल्यावरही गावाच्या मनातला बळी संपला नाही तर?

हा प्रश्न आपल्याला लागू पडत नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती असेल त्याने महाराष्ट्राच्या कायद्यांचे पुस्तक उघडावे. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्याविरुद्धचा कायदा करावयास आपल्याला २०१३ साल उजाडावे लागले. तेसुद्धा २० ऑगस्टला सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाल्यानंतर! त्याआधी कितीतरी वर्षे ते विधेयक लोंबकळत पडले होते. मग ज्या गोष्टीत बळीच्या रीतीवर असा सरळ घाव घातला आहे, तिच्यात विचार नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

शिव्याशाप देणारांना मात्र मी फार जागा देणार नाही. त्यांचा पोटशूळ असा की, पहिल्या तीन खेळांत गेराल्ट नावाचा पुरुष नायक होता आणि आता त्याची मानलेली मुलगी सिरी नायिका झाली. झलक दिसताच तिच्या चेहऱ्याची, जबड्याची, वयाची जी चिकित्सा झाली ती वधुपरीक्षेलाही लाजवील अशी होती. १९९४ ते १९९९ या काळात आलेली मूळ पाच कादंबऱ्यांची मालिका या मुलीभोवतीच फिरते, हे त्यांपैकी ज्यांना ठाऊक असेल त्यांनी ते सोयीने गिळले. तिने हा धंदा कसा पत्करला, कारण त्या जगात तो मुलग्यांनाच शिकवीत, ही हरकत तेवढी विचार करण्याजोगी आहे. तिचे उत्तर कथेने द्यावयाचे आहे आणि कथा अजून यावयाची आहे. माझ्या वर्गातल्या मुली शाळेच्या पटांगणाच्या कडेला उभ्या राहून मुलांचे खेळ पाहतात, त्यांना तलवार घेतलेली नायिका मिळाली तर माझ्या पोटात काही दुखत नाही.

आता ज्याच्यासाठी मी लेखणी उचलली तो मुद्दा. ही गोष्ट कोणाची?

आंजेय सापकोव्स्की हे या जगाचे मूळ लेखक. जन्म १९४८ सालचा, गाव लोड्झ, तिकडे त्याचा उच्चार ‘वूच’ असा करतात. पेशाने हा गृहस्थ फरच्या व्यापारात विक्रीचे काम करणारा. मुलगा ‘फान्तास्तिका’ नावाचे मासिक वाचत असे. त्या मासिकाने कथास्पर्धा लावली, तिच्यासाठी बापाने एक कथा लिहिली. डिसेंबर १९८६ मध्ये ती छापून आली आणि तिला तिसरा क्रमांक मिळाला. मासिकाच्या स्पर्धेतली तिसऱ्या क्रमांकाची कथा! दिवाळी अंकांचे जे संपादक तिसऱ्या बक्षिसाच्या कथेचे टपालखर्चाएवढे मानधन देतात त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

या कथांवरून खेळ करण्याचे हक्क सीडी प्रोजेक्टने या शतकाच्या सुरुवातीला घेतले. कंपनीने नफ्यात वाटा देऊ केला होता. सापकोव्स्कींना या खेळातून नफा होईल असे वाटलेच नाही आणि त्यांनी सगळी रक्कम एकदम रोख मागितली. हे त्यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितले आहे. २००७ साली पहिला खेळ आला, २०११ साली दुसरा, २०१५ साली तिसरा. तिसऱ्याच्या एकट्याच्याच पाच कोटींहून अधिक प्रती २०२३ पर्यंत खपल्या. २०१८ साली सापकोव्स्कींच्या वकिलांनी किमान सहा कोटी झ्लॉटींची मागणी केली. लेखकाला मिळालेला मोबदला आणि दुसऱ्याने मिळवलेला नफा यांत डोंगराएवढे अंतर पडले तर वाढीव मोबदला मागता येतो, असे कलम पोलंडच्या कायद्यात आहे, त्याचा त्यांनी आधार घेतला. जगभरच्या खेळाडूंनी म्हाताऱ्याला लोभी ठरवले. “सही केली ना? मग आता का रडतोस?” हा त्यांचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद मी मराठीत पुष्कळदा ऐकला आहे. लेखक सही करतो तेव्हा त्याच्या घरी दुधाचे बिल थकलेले असते. प्रकाशक किंवा निर्माता सही घेतो तेव्हा त्याच्या शेजारी वकील बसलेला असतो. या दोन सह्या सारख्या वजनाच्या नव्हेत, हे पोलंडच्या कायद्याला कळते. आपल्याकडे २०१२ सालच्या दुरुस्तीने चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांत वापरलेल्या शब्दांचे व संगीताचे स्वामित्वधन लेखकाला आपले वारस किंवा स्वामित्वहक्क संस्था यांच्याखेरीज कोणापुढेही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. फार चांगले झाले. पण सरळ कादंबरीचे हक्क एकरकमी लिहून देणाऱ्याला तिचा काय उपयोग? उद्या कोणी मराठी कादंबरीवर खेळ करावयास आला तर आमचे किती लेखक कराराचा कागद शेवटपर्यंत वाचतील? सापकोव्स्की आणि कंपनी यांच्यात डिसेंबर २०१९ मध्ये नवा करार झाला. म्हाताऱ्याने मागितले म्हणून झाला, हे ध्यानात ठेवावे.

आरती ओवाळणाऱ्या तरुण मित्रांनाही दोन गोष्टी ऐकवल्या पाहिजेत. याच कंपनीने ‘सायबरपंक २०७७’ नावाचा खेळ २०१२ साली जाहीर केला आणि १० डिसेंबर २०२० रोजी विकावयास काढला. ऐंशी लाख लोकांनी तो न पाहताच आगाऊ पैसे भरून घेतला होता. जुन्या यंत्रांवर तो इतका मोडका निघाला की, आठवड्याभरातच सोनी कंपनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला आणि लोकांचे पैसे परत करावयास सुरुवात केली. तो पुन्हा मांडला गेला २०२१ च्या जूनमध्ये. त्याआधी शेवटचे आठवडे तो बनविणाऱ्या कामगारांना सक्तीने आठवड्याचे सहा दिवस राबावे लागले होते, तेही अशी सक्ती करणार नाही असे आधी म्हणून झाल्यावर. पुढे कंपनीने तो खेळ दुरुस्त केला, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. पण तुम्ही बापाच्या खिशातले हजारो रुपये एका झलकीवर का उधळावेत? ‘एल्डर स्क्रोल्स ६’ या दुसऱ्या एका अमेरिकन खेळाची मिनिटभराचीही नसलेली झलक २०१८ च्या जूनमध्ये दाखवली गेली आणि २०२५ संपेपर्यंत खेळाचा पत्ता नव्हता. आंबा पाडाला लागल्याशिवाय आपली आजी पैसे देत नसे. ‘विचर ४’ येऊ द्या, चार लोकांना खेळू द्या, मग घ्या.

आणि शेवटी भाषा. सीडी प्रोजेक्टच्या संस्थापकांनी वॉर्साच्या बाजारात परदेशी खेळांच्या तबकड्या विकत धंद्याला सुरुवात केली. त्या काळी तिथे चोरट्या प्रतींचा सुळसुळाट होता, पोलिश माणूस खेळाला पैसे देत नाही असे सगळे म्हणत. १९९९ साली त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ पोलिश भाषेत आणला. नामांकित पोलिश नटांचे आवाज घेतले, पेटीत नकाशा घातला, आणि लोकांनी पैसे मोजून तो घेतला. आधी आपल्या भाषेत दुसऱ्यांचे खेळ आले, मग आपल्या लेखकाचा खेळ आला. २०११ च्या मे महिन्यात पोलंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट म्हणून ‘विचर २’ दिला.

‘विचर ३’ मधला मजकूर झेक भाषेत वाचता येतो, हंगेरियनमध्ये वाचता येतो. ते दोन्ही देश सुमारे एकेक कोटी वस्तीचे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, आणि त्या खेळात मराठी तर नाहीच, एकही भारतीय भाषा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पुण्यातल्याच काही तरुणांनी ‘राजी’ नावाचा, भावाला शोधत निघालेल्या मुलीचा खेळ २०२० साली काढला, त्याची दखल आमच्या किती साहित्यसंस्थांनी घेतली? पोरांना व्याख्याने देणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे की, पुढच्या संमेलनात एक ठराव मांडा: ‘विचर ४’ मध्ये निदान मजकूर तरी मराठीत द्या, अशी मागणी वॉर्साला कळवावी. भाषांतरासाठी माणसे हवी असतील तर माझ्या नववीच्या वर्गातले चौघे आज तयार आहेत. त्यांनी बाउकला मराठीत ‘बागुल’ म्हणावयाचे ठरवूनही टाकले आहे.